काडेपेटीची सुनावणी

अंबरनाथच्या पश्चिमेस बुवापाडा ही वस्ती आहे आणि त्याच बाजूला विम्को नाका. रिक्षावाले, भाजीवाले, शाळकरी मुले हे नाव दिवसातून दहा वेळा उच्चारतात. परंतु 'विम्को' हे 'वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी' या नावाचे आखूड रूप आहे आणि काडेपेटीच्या या धंद्यावरून एके काळी देशभर जाहीर सुनावणी झाली होती, हे फार थोड्यांना ठाऊक असते. आज धोरण, अर्थव्यवस्था, कौशल्यविकास अशा विषयांवर गावोगाव कार्यशाळा आणि संवाद भरतात. फलक लागतात, पाहुणे येतात, चहापान होते. ही प्रथा नवी नव्हे. तिच्या इतिहासात डोकावू लागलो की एक प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो : या संवादात बोलले कोण, आणि ज्यांच्या पोटाचा प्रश्न होता ते कोठे होते?

महाराष्ट्रात या प्रथेचा पाया न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी घातला. पुण्याच्या सार्वजनिक सभेने शेतकऱ्यांच्या स्थितीची चौकशी केली. १८९० साली पुण्यात औद्योगिक परिषद भरली. देश केवळ शेतीवर जगू शकत नाही, त्याने कारखानदारी शिकली पाहिजे, हे रानड्यांचे म्हणणे होते. पुढच्याच वर्षी, १५ मे १८९१ रोजी, पोप लिओ तेरावे यांनी 'रेरूम नोवारूम' हे परिपत्रक काढून कामगाराच्या न्याय्य वेतनाचा आणि संघटनेच्या हक्काचा पुरस्कार केला. पुणे आणि रोम यांचा परस्परांशी काही संबंध नव्हता. एकीकडे 'उद्योग कसा उभारावा' हा विचार चालला होता, दुसरीकडे 'उद्योगात माणसाचे काय होते' हा. हे दोन विचार आपल्याकडे एकत्र यायला फार वर्षे लागली. अंबरनाथची कथा ही त्या विलंबाचीच कथा आहे.

१९२२ साली सरकारने परदेशी काड्यांवरील आयातकर वाढवून एका ग्रोसला, म्हणजे १४४ पेट्यांना, दीड रुपया केला. रुपयाचे ६४ पैसे होते त्या काळी हा कर पेटीमागे पैशाचा दोन तृतीयांश भाग पडे. हेतू होता तिजोरी भरण्याचा. पण इतका कर भरून माल आणण्यापेक्षा तो येथेच बनवावा, असा हिशेब अनेकांनी केला. त्यांत स्वीडनची बलाढ्य काडेपेटी कंपनीही होती. १९२३ साली विम्कोची स्थापना झाली आणि प्राचीन शिवमंदिराच्या या गावी कारखाना उभा राहिला. आयात घटली, तसे सरकारचे उत्पन्नही घटले. तेव्हा १९२६ साली हा प्रश्न टॅरिफ बोर्डाकडे सोपवण्यात आला.

बोर्डाची पद्धत आजही वाखाणण्यासारखी आहे. प्रश्नावल्या पाठवायच्या, लेखी निवेदने मागवायची, मग साक्षीदाराला समोर बसवून उलटतपासणी करायची आणि सारे छापून काढायचे. लाकूड कोठून आणता? एका ग्रोसला खर्च किती येतो? आपली काटेसावर चालेल की परदेशी अॅस्पेनच हवे? स्वदेशी कारखानदारांना आपल्याहून कितीतरी मोठ्या स्वीडिश प्रतिस्पर्ध्याचे भय होते, आणि ते अनाठायी नव्हते. बोर्डाच्या सदस्यांत डॉ. जॉन मथाई होते. केरळच्या ख्रिस्ती घराण्यातील हे अर्थशास्त्रज्ञ पुढे स्वतंत्र भारताचे अर्थमंत्री झाले. १९२८ साली अहवाल आला आणि त्याच वर्षी या उद्योगाला संरक्षण देणारा कायदा झाला. (त्या स्वीडिश साम्राज्याचा धनी ईव्हार क्रूगर याने १९३२ च्या मार्चमध्ये पॅरिसला आत्महत्या केली आणि त्याचे हिशेब पोकळ निघाले. बुवापाड्याच्या शेजारचा भोंगा मात्र वाजतच राहिला.)

आता मूळ मुद्द्याकडे वळू. एखाद्या उद्योगाला संरक्षण द्यावे की नाही, हे ठरवण्याची कसोटी सर इब्राहिम रहिमतुल्ला यांच्या अध्यक्षतेखालील फिस्कल कमिशनने १९२२ साली घालून दिली होती. उद्योगाला काही नैसर्गिक अनुकूलता हवी : मुबलक कच्चा माल, स्वस्त शक्ती, पुरेसा मजूर किंवा मोठी घरची बाजारपेठ. ही यादी सावकाश वाचावी. लाकूड, वीज, मजूर, गिऱ्हाईक, सारे एका ओळीत! ओंडक्याचा पापुद्रा सोलणारा, काड्या कापणारा, काड्यांची डोकी मसाल्यात बुडवणाऱ्या यंत्रापाशी दिवसभर उभा राहणारा माणूस या हिशेबात 'पुरवठा' म्हणून येतो. सुनावणी त्याच्या भाकरीची होती. पण ती मांडली मालकांच्या आकड्यांनी. बोर्डाची माणसे दुष्ट नव्हती. त्यांना विचारलेला प्रश्नच तेवढा होता.

हे चित्र थोडेसे बदलले ते १९२९ साली नेमलेल्या रॉयल कमिशन ऑन लेबरमुळे. त्याचे एक सदस्य होते ना. म. जोशी. १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन करून त्यांनी कामगारांसाठी रात्रशाळा आणि वाचनालये चालवली होती. वस्तीत बसून ऐकण्याची त्यांना सवय होती. या कमिशनने मालकांबरोबर कामगारांच्याही साक्षी घेतल्या. तेथे मुकादमाचा कारभार उघड झाला : कामावर घेणारा तोच, शिकवणारा तोच, काढणारा तोच, आणि या साऱ्यासाठी लाच घेणाराही तोच. कामाचे ज्ञान कोणा एकाच्या मुठीत राहिले की ते शिकणाऱ्याच्या गळ्याचा फास होते, हे कोणत्याही अर्थशास्त्रज्ञाने सांगितले नव्हते. ते कामगारांनी सांगितले. १९३१ साली अहवाल आला. त्याच वर्षी पोप अकरावे पायस यांचे 'क्वाद्राजेसिमो आन्नो' हे परिपत्रकही निघाले.

आपल्या समाजाने संवादाचा आणखी एक प्रकार पाहिला आहे, त्याचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९१८ साली वसईत मोन्सेन्योर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने बसीन कॅथलिक सहकारी पतसंस्था उभी राहिली. सावकाराच्या व्याजाचा प्रश्न कोणत्याही बोर्डापुढे न नेता धर्मग्रामातल्या लोकांनी आपसांत बोलून सोडवायला घेतला. त्या रोपट्याची आज मोठी बँक झाली आहे. माझ्या मते, बोलणे कोणत्या कामी यावे याचे याहून चांगले उदाहरण आपल्याला दूर शोधायला नको.

स्वातंत्र्यानंतर अंबरनाथचे रूप पालटले. शेजारच्या कल्याण छावणीत सिंधी निर्वासित आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारींच्या हस्ते उल्हासनगरची कोनशिला बसली. १९५३ साली अंबरनाथला मशीन टूल प्रोटोटाइप कारखाना निघाला; १९६२ नंतर महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत आली. आता हाताला नुसती सवय पुरेना, नकाशा वाचता यावा लागे, हजारांशांत माप घेता यावे लागे. मुकादमाची जागा प्रशिक्षण संस्थेने आणि शिकाऊ उमेदवारीने घेतली. अंबरनाथच्या आयटीआयमधून फिटर, टर्नर, वेल्डर होऊन बाहेर पडलेल्या मुलांनी किती घरांची चूल पेटती ठेवली, हे या परिसरातील आयांना विचारावे.

तरीही जुन्या यादीची सावली पुरती गेलेली नाही. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याचे अठरावे कलम सांगते की उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे. शिकणाऱ्याला सवलत मिळावी आणि मालकाने न घाबरता शिकवावे, हा त्यामागचा हेतू समजण्यासारखा आहे. सुरक्षिततेच्या आणि अपघाताच्या भरपाईच्या तरतुदी त्याला लागूही आहेत. पण जेथे उमेदवाराकडून रोजचे उत्पादन करून घेतले जाते आणि मुदत संपताच दुसरा उमेदवार आणला जातो, तेथे हे कलम कोणाच्या बाजूने उभे राहते?

१५ जुलै २०१५ रोजी 'स्किल इंडिया' अभियान सुरू झाल्यापासून अशा सभांची संख्या वाढली आहे. उद्या बुवापाड्यात तशी सभा भरली आणि उद्योगाला कोणती कौशल्ये हवीत याचा तक्ता भिंतीवर लागला, तर मागच्या रांगेतल्या एखाद्या बाईने उठून विचारावे, की गेल्या वर्षी शिकलेल्यांपैकी किती जणांना काम लागले, पगार किती, आणि ते आज येथे का बसलेले नाहीत? टॅरिफ बोर्डाने मालकांना खर्चाचे आकडे पैशापर्यंत विचारले होते, आणि उत्तरे छापून काढली होती.