चिठ्ठीचे ओझे

वर्गात साठ मुले आहेत. हजेरी घेताना एका नावाला पाच सेकंद लागतात. म्हणजे पस्तीस मिनिटांच्या तासातली पाच मिनिटे हजेरीतच गेली! पाच सेकंद म्हणजे काही फार नव्हे, पण ते साठ वेळा खर्च होतात. म्हणून आपल्यातले अनेक शिक्षक सगळी नावे पुकारत बसत नाहीत. रिकाम्या जागांकडे नजर टाकतात आणि गैरहजर मुलांचीच नोंद करतात. नोंद तितकीच पक्की होते आणि तास वाचतो.

संगणकाच्या सुरक्षेच्या इतिहासात असाच एक हिशेब अनेक वर्षे चालला होता. तिथे मुलांच्या जागी होती जाळ्यावरून धावणारी माहितीची पॅकेटे, आणि हजेरीच्या जागी होती प्रत्येक पॅकेटाला लावायची गुप्ततेची चिठ्ठी. ही चिठ्ठी हलकी कशी झाली, त्याची हकीकत या लेखात पाहू.

चिठ्ठी कशासाठी?

एखाद्या कचेरीत फायलींवर ‘गोपनीय’, ‘गुप्त’, ‘अतिगुप्त’ असे शिक्के असतात. कोणी कोणती फाईल पाहायची हे फाईल लिहिणाऱ्याच्या मर्जीवर सोडलेले नसते. ते नियमाने ठरते. संगणकातही असेच असावे, अशी गरज अमेरिकेच्या लष्कराला १९७० च्या सुमारास भासू लागली. कारण एकाच मोठ्या संगणकावर वेगवेगळ्या अधिकारांची माणसे एकाच वेळी काम करू लागली होती.

१९७३ मध्ये डेव्हिड बेल आणि लेनर्ड लापाडुला यांनी या नियमांना गणिती रूप दिले. त्याचे सार दोन वाक्यांत सांगता येते. आपल्या अधिकारापेक्षा वरच्या पातळीचे वाचायचे नाही, आणि आपल्या पातळीपेक्षा खालच्या ठिकाणी लिहायचे नाही. पहिला नियम चटकन पटतो. दुसरा का? तर ‘अतिगुप्त’ फाईल वाचणाऱ्याने, किंवा त्याच्या नावावर चालणाऱ्या एखाद्या लबाड प्रोग्रॅमने, तिच्यातला मजकूर साध्या फायलीत उतरवून ठेवला तर पहिला नियम असून नसल्यासारखा होईल, म्हणून.

१९८३ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने सुरक्षित संगणकांच्या कसोट्यांचे पुस्तक काढले. त्याच्या मुखपृष्ठाच्या रंगावरून त्याला ‘ऑरेंज बुक’ म्हणू लागले. त्यातल्या वरच्या श्रेणी मिळवायच्या तर संगणकातल्या फायलींवर आणि चालू प्रोग्रॅमांवर अशा चिठ्ठ्या असणे सक्तीचे होते. या चिठ्ठीलाच संगणकाच्या भाषेत ‘लेबल’ म्हणतात.

चिठ्ठी तारेवर चढते

एका संगणकापुरते हे ठीक होते. पण संगणक जाळ्याने जोडले गेले तेव्हा प्रश्न आला : गुप्त फाईल तारेवरून दुसरीकडे जाताना तिची चिठ्ठी कुठे ठेवायची?

जाळ्यावर मजकूर सलग जात नाही. त्याचे लहान लहान तुकडे होतात. प्रत्येक तुकडा म्हणजे एक पॅकेट. त्याच्या सुरुवातीला पाकिटावरच्या पत्त्यासारखा एक मथळा असतो. इंटरनेटच्या चौथ्या आवृत्तीत हा मथळा किमान २० बाईटचा आणि जास्तीत जास्त ६० बाईटचा असू शकतो. म्हणजे जादा सूचनांसाठी उरले ४० बाईट. गुप्ततेची चिठ्ठी याच ४० बाईटमध्ये बसवायची असे ठरले. त्यासाठीचे नियम १९८८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९९१ मध्ये सुधारले गेले. १९९२ मध्ये संगणक बनवणाऱ्या कंपन्यांच्या एका गटाने व्यापारी वापरासाठी ‘सिप्सो’ नावाचा मसुदा तयार केला.

आता हिशेब करून पाहू. सिप्सोची अगदी साधी चिठ्ठी १० बाईटची असते. मथळा चारच्या पटीत असावा लागतो, म्हणून ती १२ बाईट जागा घेते. १५०० बाईटच्या भरलेल्या पॅकेटात १२ बाईट म्हणजे एक टक्काही नाही. पण ‘तुमचे पॅकेट पोहोचले’ एवढेच सांगणारे पोचपावतीचे पॅकेट ४० बाईटचे असते. त्यात १२ बाईट मिळवले की ओझे ३० टक्क्यांनी वाढले! शिवाय वाटेतल्या अनेक राउटरांमध्ये साध्या मथळ्याच्या पॅकेटांसाठी वेगवान रस्ता असतो, तर जादा सूचना असलेली पॅकेटे बाजूला काढून सावकाश तपासली जातात. चिठ्ठी लावली की पाकीट रांगेत मागे पडलेच म्हणून समजा.

तारेवरचे हे ओझे निदान डोळ्यांना दिसणारे होते. संगणकाच्या आतले ओझे अधिक फसवे होते.

आतल्या डब्यांची गोष्ट

पॅकेट संगणकात शिरले की ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, त्याला स्मृतीत जागा देतो. कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठाने १९८३ मध्ये ४.२ बीएसडी ही प्रणाली काढली. तिच्यात यासाठी ‘एमबफ’ नावाचे ठरावीक मापाचे छोटे डबे होते. पॅकेट लहान असेल तर एका डब्यात मावते. मोठे असेल तर डब्यांची साखळी करतात. फ्रीबीएसडी ही बर्कलेच्याच घराण्यातली प्रणाली. तिच्यात हा डबा पुढे २५६ बाईटचा झाला. साखळीच्या पहिल्या डब्यात पॅकेटाची लांबी, ते कुठून आले वगैरे माहिती असते. ती वगळून उरेल तेवढी जागा मजकुराला.

रॉबर्ट वॉटसन यांनी २००० मध्ये ‘ट्रस्टेडबीएसडी’ प्रकल्प सुरू केला. लष्करी दर्जाची सुरक्षा सर्वांना फुकट मिळणाऱ्या प्रणालीत आणायची, हा त्याचा हेतू. त्यातून सुरक्षेची एक चौकट तयार झाली आणि जानेवारी २००३ मध्ये फ्रीबीएसडी ५.० बरोबर प्रायोगिक स्वरूपात बाहेर पडली. या चौकटीत बेल-लापाडुलाचे नियम बसवता येत, किंवा अगदी वेगळे नियमही बसवता येत. ज्याला जे धोरण हवे ते त्याने जोडावे.

चिठ्ठी ठेवायला पहिली जागा निवडली ती साहजिकच पॅकेटाच्या पहिल्या डब्यात. सोपे आणि सुटसुटीत! पण त्याचा अर्थ असा झाला की प्रत्येक पॅकेटाच्या डब्यात चिठ्ठीचा कप्पा कायमचा अडकला. धोरण कोणतेही असो, नसो, कप्पा आहेच. मजकुराची जागा तेवढी कमी झाली. शिवाय पॅकेट आले की कप्पा पुसून तयार करा आणि पॅकेट गेले की तो मोकळा करा, हे कामही आले.

एवढ्याशा कामाने काय बिघडते? पुन्हा हिशेब करू. सेकंदाला एक अब्ज बिट वाहून नेणाऱ्या तारेवर सर्वांत लहान पॅकेटाला, मधली मोकळी जागा धरून, ८४ बाईट म्हणजे ६७२ बिट लागतात. म्हणजे दर ६७२ नॅनोसेकंदांनी एक पॅकेट. सेकंदाला सुमारे १४ लाख ८८ हजार! दोन गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे या वेळात साधारण १३४४ ठोके पडतात. पत्ता वाचणे, तपासणे, पुढे पाठवणे हे सगळे तेवढ्यात उरकायचे. मुख्य स्मृतीत एक खेप घालायलाच १०० नॅनोसेकंदांच्या आसपास जातात. तेव्हा प्रत्येक पॅकेटामागे एक जादा खेप म्हणजे वेळेचा सातवा हिस्सा गेला.

ज्याला गरज, त्याच्यावर भार

२००३ मध्येच वॉटसन यांनी चिठ्ठी डब्यातून बाहेर काढली. डब्याला दोऱ्याने बांधतात तशा ‘टॅग’ची सोय फ्रीबीएसडीत आदल्याच वर्षी ओपनबीएसडी या भावंड प्रणालीकडून आली होती. चिठ्ठी आता या टॅगात ठेवायची. आणि मुख्य गोष्ट अशी, की टॅग बांधायचाच तो गरज असेल तर. प्रत्येक धोरणाने जोडले जातानाच सांगायचे : ‘मला पॅकेटांवर चिठ्ठ्या हव्यात’ किंवा ‘नकोत’. बेल-लापाडुलासारख्या धोरणाला त्या हव्यातच. पण ‘एका वापरकर्त्याला दुसऱ्याचे चालू प्रोग्रॅम दिसू नयेत’ एवढेच पाहणाऱ्या धोरणाला पॅकेटांशी काय देणेघेणे? कोणालाच नको असेल तर एकही टॅग बांधला जात नाही आणि मजकुराची जागा मजकुराला परत मिळते.

हे सगळे फुकटात झाले असे मात्र नाही. ज्याला चिठ्ठ्या हव्यात त्याचा खर्च वाढला, कारण आता प्रत्येक पॅकेटासाठी टॅगाची जागा वेगळी मागावी लागते, आणि ती न मिळाल्यास काय करायचे तेही ठरवावे लागते. आणखी एक अडचण अशी. संगणक चालू असताना मध्येच चिठ्ठीवाले धोरण जोडले, तर आधीपासून आत फिरणाऱ्या पॅकेटांवर चिठ्ठ्याच नसतील! म्हणून अशी धोरणे संगणक सुरू होतानाच जोडावी लागतात. खर्च नाहीसा झाला नाही. तो ज्याचा त्याच्याकडे गेला.

लिनक्सची वाट

लिनक्समध्येही हाच पेच पडला. सुरक्षेची चौकट २००३ च्या अखेरीस आलेल्या २.६ आवृत्तीत समाविष्ट झाली. पण प्रत्येक पॅकेटाच्या नोंदीत चिठ्ठीसाठी वेगळी जागा देण्याची सूचना मात्र स्वीकारली गेली नाही. नोंद फुगली की सर्वांचाच वेग घटणार, हे कारण.

२००६ मध्ये त्यावर तोड निघाली. तिचे नाव ‘सेकमार्क’. संपूर्ण चिठ्ठी पॅकेटावर न ठेवता फक्त ३२ बिटांचा, म्हणजे चार बाईटचा, एक क्रमांक ठेवायचा. त्या क्रमांकाचा अर्थ काय ते कर्नलमधल्या तक्त्यात पाहायचे. आपण उत्तरपत्रिकेवर विद्यार्थ्याची सगळी माहिती न लिहिता फक्त बैठक क्रमांक लिहितो, तसेच हे. शिवाय एका संभाषणातले पहिले पॅकेट नीट तपासून त्याचा क्रमांक ठरला की पुढच्या पॅकेटांना तोच क्रमांक देता येतो. दर वेळी नवी चौकशी नको.

निर्णय लक्षात ठेवण्याची ही युक्ती जुनीच. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने डिसेंबर २००० मध्ये एसईलिनक्स जाहीर केले. त्यात ‘याला हे करता येईल का?’ या प्रश्नाचे एकदा मिळालेले उत्तर जवळ जपून ठेवले जाते आणि तोच प्रश्न पुन्हा आला की तेच उत्तर दिले जाते.

एवढा खटाटोप का?

कोणी म्हणेल, चार-दोन बाईटांसाठी एवढी डोकेफोड कशाला? याचे उत्तर आम्हाला या इतिहासातच दिसते. सुरक्षेचा खर्च सर्वांवर पडत असेल तर बहुतेक लोक ती बंद करून ठेवतात. मग ती फक्त लष्कराच्या खास संगणकांपुरती उरते. वापर न करणाऱ्याला खर्च जवळपास शून्य झाला, तेव्हाच ती सर्वांच्या संगणकात घालून देणे शक्य झाले. फ्रीबीएसडीने २००९ मधल्या ८.० आवृत्तीपासून ही चौकट नेहमीच्या कर्नलमध्येच दिली. त्याआधी, २००७ मध्ये, अ‍ॅपलने तीच चौकट आपल्या मॅकच्या प्रणालीत घेतली होती, आणि आयफोनमधल्या अ‍ॅपना आपापल्या कुंपणात ठेवण्याचे कामही तिच्याच आधाराने होते. २०१४ च्या अँड्रॉइड ५.० मध्ये एसईलिनक्सचे नियम पूर्णपणे सक्तीचे झाले. म्हणजे लष्करी कचेरीतला तो शिक्का आज आपल्या खिशात आहे. तो जाणवत नाही, हेच त्याचे यश.

वर्गात हे करून पाहता येईल. साठ कोऱ्या पाकिटांचा गठ्ठा घ्या. एका गटाने प्रत्येक पाकिटावर पूर्ण चिठ्ठी लिहावी. दुसऱ्याने फक्त क्रमांक लिहून फळ्यावरच्या तक्त्याशी जुळवावा. तिसऱ्याने आधी विचारावे, ‘आज चिठ्ठी हवी आहे का?’ तिघांचा वेळ घड्याळ लावून मोजा. मग मुलांनाच विचारा की कोणत्या पद्धतीत काय सोपे झाले आणि कोणाचे काम वाढले. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधताना जी चर्चा होईल, ती पहिल्यापेक्षा जास्त रंगेल असे आम्हाला वाटते.