हात सोडवून घेणारा काका

शनिवारवाड्यातून पौर्णिमेच्या रात्री ‘काका, मला वाचवा’ अशी हाक ऐकू येते, हे पुण्यातल्या पोराला पाढ्यांच्या आधी ठाऊक असतं. कोणी पौर्णिमा म्हणतं, कोणी अमावास्या. बाहेरगावचे पाहुणेही दिल्ली दरवाजात पाऊल ठेवताच आधी तेच विचारतात. १७३० ची पायाभरणी, थोरले बाजीराव, हजारी कारंजं, हे सगळं नंतर. मी कसब्यात वाढले, पुढे शाळेत इतिहास शिकवला आणि दर वर्षी सातवीच्या मुलांना वाडा दाखवायला नेलं. मुलं विचारायचीच, “बाई, खरंच येतो का हो आवाज?” मी उलट विचारायचे, “हाक कोणाला मारली होती?” ‘काकांना’ एवढं सगळ्यांना यायचं. पण त्या काकांचं नाव काय आणि हाक ऐकून त्यांनी केलं काय, असं विचारलं की वर्ग गप्प.

ती गप्प होण्याची जागा मला फार बोचते. अडीचशे वर्षं आपण एका मारल्या गेलेल्या पोराला भूत करून त्या ओसाड जोत्यांवर फिरवत ठेवलं आहे, आणि ज्याच्या डोळ्यांदेखत तो मारला गेला तो माणूस मात्र गोष्टीतून अलगद निसटला आहे.

तर आधी घडलं ते सांगते. थोरले माधवराव पेशवे १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला वारले आणि धाकटे भाऊ नारायणराव पेशवे झाले. वय जेमतेम सतरा. काका रघुनाथराव, म्हणजे राघोबादादा, यांचा पेशवाईवर डोळा होता. पुतण्याने त्यांना वाड्यातच नजरकैदेत ठेवलं होतं. वाड्यावर पहाऱ्याला गारदी होते, कवायती पलटणीतले भाडोत्री शिपाई. त्यांचा पगार थकला होता आणि ते कुरकुरत होते. दादांनी याच गारद्यांशी संधान बांधलं. पैसे द्यायचे, किल्ले द्यायचे, त्यांनी नारायणरावांना धरायचं, असा करार ठरला. मध्यस्थी दादांचा नोकर तुळाजी पवार याची, आणि गारद्यांचा म्होरक्या सुमेरसिंग.

३० ऑगस्ट १७७३. गणपतीचे दिवस. सकाळी नारायणराव पर्वतीला गेले होते. काहीतरी शिजतं आहे अशी कुणकुण त्यांना लागली असावी, कारण त्यांनी आपले सरदार हरिपंत फडक्यांना गारद्यांचा बंदोबस्त करायला सांगितलं. हरिपंत ‘करतो’ म्हणाले आणि जेवायला गेले. इतिहासकार ग्रँट डफने ही गोष्ट नोंदवली आहे, आणि या साऱ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते ती हीच. हरिपंत दुष्ट नव्हते. पुढे त्यांनी दौलतीची मोठी सेवा केली. पण त्या दिवशी दुपारचं जेवण आधी झालं आणि बंदोबस्त राहिला.

दुपारी गारदी आत घुसले. नारायणराव पळत काकांच्या खोलीत गेले आणि त्यांना मिठी मारली. डफच्या हकिगतीप्रमाणे दादा ‘त्याला सोडा’ असं म्हणालेही. सुमेरसिंगाने उत्तर दिलं की एवढं करून बसल्यावर आता मी माझा जीव धोक्यात घालणार नाही. त्याला सोडून बाजूला व्हा, नाहीतर तुम्हीही मराल. तेव्हा दादांनी पुतण्याचे हात सोडवले आणि ते बाहेर गच्चीकडे गेले. तुळाजी पवाराने नारायणरावांचा पाय धरून त्यांना ओढलं. तेवढ्यात चापाजी टिळेकर धावत आला. हा पेशव्यांचा साधा खिजमतगार, हातात हत्यारही नव्हतं. त्याने धन्याच्या अंगावर स्वतःला झोकून दिलं. गारद्यांनी दोघांनाही तोडलं. वाड्यातली आणखी कितीतरी माणसं त्या धामधुमीत मेली, एक गायही मारली गेली.

एकाच खोलीतली ही दोन माणसं. एकाने गळ्यात पडलेले हात सोडवले. दुसऱ्याला कोणी बोलावलं नव्हतं तरी तो आला. मुलांना वाड्याच्या जोत्यावर उभं करून मी एवढंच सांगायचे. टिळेकराचं नाव पाठ करून घ्यायचे. त्याचं भूत कोणी पाहिल्याचं मी कधी ऐकलं नाही.

पुढे चौकशी झाली, आणि हाच आपल्या इतिहासाचा अभिमान वाटावा असा भाग आहे. दादा पेशवे होऊन बसले होते. साताऱ्याजवळच्या माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे न्यायाधीश होते. त्यांनी सुमारे सहा आठवडे माहिती जमवली आणि ज्याच्या पदरी चाकरी करायची त्याच्याच तोंडावर आरोप ठेवला. दादांनी कबूल केलं ते एवढंच, की मी धरायचा हुकूम दिला होता, मारायचा नव्हे. मग त्यांनी विचारलं की प्रायश्चित्त काय. शास्त्रीबुवांनी सांगितलं, देहान्त. दुसरं कुठलंही प्रायश्चित्त या पापाला पुरणार नाही, आणि तुम्ही गादीवर असेपर्यंत मी पुण्यात पाऊल ठेवणार नाही. असं म्हणून ते वाईजवळच्या एका खेड्यात निघून गेले. दादांना दूर सारणाऱ्या बारभाईंचा कारभार आल्यावरच ते परतले आणि १७८९ मध्ये वारले.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. रामशास्त्री आजच्या अर्थाने बुद्धिवादी नव्हते. पाप, प्रायश्चित्त, परलोक, सगळं ते मानत. त्या काळच्या दरबारात भुतंखेतंही मानली जात. पेशव्यांच्या रोजनिशीत, विशेषतः कोकणातल्या, भुताटकी केल्याच्या तक्रारी आणि त्यांच्या सरकारी चौकशा आहेत. रामशास्त्र्यांचं मोठेपण म्हणूनच मला जास्त वाटतं. ‘ग्रह फिरले होते’, ‘कलीने बुद्धी फिरवली’, ‘कर्मगती’, असे शब्द त्यांच्याजवळ कमी नव्हते. त्यांनी त्यातला एकही दादांच्या मदतीला दिला नाही. थोरले माधवराव तरुणपणी जपतपात गुंतून कारभार सोडून बसले, तेव्हाही याच शास्त्रीबुवांनी त्यांना सुनावलं होतं: धर्मकृत्यंच करायची तर चला, आपण दोघे काशीला जाऊन गंगाकाठी बसू, राज्य घेतलं आहे तर ते सांभाळा. देवाच्या नावाने कामातून सुटका मागणाऱ्याला जे उत्तर, तेच पुढे शब्दांच्या आडून सुटका मागणाऱ्याला.

लोकांनी मात्र ही सुटका दादांना देऊ केली. ‘ध’ चा ‘मा’ आनंदीबाईने केला, ही गोष्ट घराघरांत पोचली. धरावे होतं, तिने मारावे केलं. कागदावर खाडाखोड झाली असं डफ लिहितो, पण आनंदीबाईचं नाव तो लोकांचा समज म्हणूनच देतो; तिने ते अक्षर बदललं याचा पुरावा कोणी पुढे ठेवलेला नाही. तरी मराठी कीर्तनात, नाटकात, बोलण्यात ती डाकीण झाली. खाडिलकरांच्या १९०९ च्या ‘भाऊबंदकी’ने आणि प्रभातच्या १९४४ च्या ‘रामशास्त्री’ने शास्त्रीबुवांना घरोघर नेलं हे खरं, पण बाईला दोष देण्याची गोडी त्यानेही कमी झाली नाही. अक्षर कोणीही बदललेलं असो, गळ्यातले हात दादांनी सोडवले. ते करायला कागद लागत नव्हता.

दादा पुढे इंग्रजांकडे गेले. १७७५ च्या सुरतेच्या तहाने साष्टी-वसई देऊ करून त्यांनी पेशवाईसाठी परकी फौज मागितली आणि पहिलं इंग्रज-मराठा युद्ध ओढवलं. १७८३ मध्ये ते कोपरगावला वारले. देहान्त प्रायश्चित्त त्यांनी घेतलं नाही आणि देणारंही कोणी नव्हतं. गारद्यांच्या म्होरक्यांना मात्र शोधून शोधून शिक्षा झाल्या.

आता भुताकडे येते, कारण ते इथेच जन्माला येतं. दादांचा मुलगा दुसरा बाजीराव १७७५ मध्ये धारला जन्मला, म्हणजे खुनानंतर. त्या दुपारचा दोष त्याच्याकडे काडीचाही नाही. तो १७९६ मध्ये पेशवा झाला. जुन्या पुण्याविषयी ब्रिटिश काळात जे लिहिलं गेलं त्यात अशी हकिगत येते की नारायणरावांचं भूत आपल्याला छळतं असं त्याला वाटे, म्हणून त्याने ब्राह्मणांना दानं दिली, अनुष्ठानं बसवली, पुण्याभोवती आंब्याची झाडं लावली. शनिवारवाड्यात त्याचं मन रमत नसे हे तर सर्वांना माहीत आहे. विश्रामबागवाडा, शुक्रवारवाडा, बुधवारवाडा असं त्याचं राहणं होतं. मला या माणसाची कीव येते. बापाने केलेल्या गोष्टीचं ओझं त्याला जाणवत होतं, हे चांगलंच लक्षण होतं. पण तो ते भुताला देत बसला. जे काम खरोखर त्याचं होतं, दौलत राखण्याचं, ते १८०२ च्या वसईच्या तहात त्याने स्वतःच्या हाताने इंग्रजांना लिहून दिलं, आणि ३ जून १८१८ रोजी शरण जाऊन तो बिठूरला गेला. आंबे लावणं वाईट नाही. त्या तहात इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारताना कुठल्याही भुताने त्याचा हात धरला नव्हता.

२७ फेब्रुवारी १८२८ ला वाड्याला आग लागली आणि ती कित्येक दिवस धुमसत होती. तेव्हा हाक मारायला ती खोलीही उरली नाही, गच्चीही नाही.

भूत नाही म्हणून मी एवढ्या पोटतिडकीने का बोलते, हे सांगायचं तर आमच्या वाड्यातली गोष्ट सांगावी लागेल. मी आठ-नऊ वर्षांची असेन. मधल्या चौकातल्या बिऱ्हाडात एक सून बाळंत झाली आणि चौथ्या-पाचव्या दिवशी तिला ताप चढला. ती बडबडायला लागली, अंगावरचं पांघरूण फेकायला लागली. बाहेरची बाधा, असं ठरलं. उशाखाली विळी होतीच, वर अंगाऱ्याची पुडी आली, उंबऱ्यावर लिंबू चिरलं गेलं, रात्री देवऋषी आला. ससून रुग्णालय टांग्याने दहा-पंधरा मिनिटांवर. ती तिसऱ्या रात्री गेली. बाळंतरोगाचा ताप होता, हे मला मोठेपणी एका डॉक्टर मैत्रिणीने लक्षणं ऐकून सांगितलं. पण त्या वेळी घरातल्या कोणालाही कोणी विचारलं नाही की टांगा का नाही बोलावला. विचारायचं कोणाला? जिने नेलं ती तर हडळ होती. माझी आई तेवढी चौकात उभी राहून म्हणाली, “तिला ताप होता हो. आपल्या सगळ्यांना दिसत होता.” त्यानंतर त्या बिऱ्हाडाने आईशी बरेच दिवस बोलणं टाकलं. ‘आपल्या सगळ्यांना’ या शब्दांत तिने स्वतःलाही धरलं होतं, हे मला फार नंतर उमगलं.

अंधश्रद्धेविरुद्ध लढणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर हेच काम करत होते, भुताआड लपलेल्या माणसाला प्रश्न विचारण्याचं. त्यांना लोकांनी देव मोडणारा माणूस ठरवलं. प्रत्यक्षात ते विचारत की अंगारा देणाऱ्याने पैसे किती घेतले, उपचार कोणी थांबवले, मारहाण कोणी केली. २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी ते फिरायला निघाले असताना ओंकारेश्वराजवळच्या महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पुलावर त्यांना गोळ्या घातल्या. शनिवारवाड्यापासून हा पूल चालत काही मिनिटांवर आहे. त्यांनी वर्षानुवर्षं मागितलेला जादूटोणाविरोधी कायदा आधी वटहुकूम म्हणून लगेच त्याच महिन्यात आला, आणि डिसेंबरात विधिमंडळाने तो मंजूर केला. १० मे २०२४ रोजी पुण्याच्या विशेष न्यायालयाने गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप दिली, तिघांना सोडलं, आणि सूत्रधारापर्यंत तपास पोचू शकला नाही हेही निकालात नोंदवलं. हे वाचलं त्या दिवशी माझ्या डोळ्यांपुढे १७७३ ची चौकशी उभी राहिली, आणि सहा आठवडे एकट्याने माहिती जमवणारे शास्त्रीबुवा.

शाळेतल्या शेवटच्या काही वर्षांत मी सहलीनंतर वर्गात चौकशी भरवायचे. मुलंच दादा व्हायची, सुमेरसिंग, आनंदीबाई, हरिपंत व्हायची. एक जण रामशास्त्री. दादा होणारी मुलगी दर वेळी ठामपणे सांगायची, “मी फक्त धरा म्हणालो होतो.” शास्त्री विचारायचे, “मग ओढत नेताना तुम्ही कुठे होता?” हे प्रकरण लवकर निकालात निघे. पण एका वर्षी हरिपंत झालेला मुलगा अडून बसला. तो म्हणाला, “मी तर जेवायला गेलो होतो, मी कोणाला मारलं?” पहिल्या बाकावरची मुलगी उठली आणि म्हणाली, “तुला सकाळी सांगितलं होतं ना?” मग अर्धा वर्ग त्याच्या बाजूने, अर्धा तिच्या. घंटा झाली तरी कोणी दप्तर उचललं नाही, आणि आमच्या रामशास्त्र्याने निकाल द्यायला दुसऱ्या दिवसापर्यंत मुदत मागितली.