सही कोणाची?

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीची मीटिंग होती. इमारतीला तीस वर्षं झाली, त्यामुळे स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यायचं होतं, आणि त्याचं कोटेशन ऐकून सगळ्यांचे चेहरे पडले होते. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरचे काका माझ्याकडे वळून म्हणाले, "अरे, तू इंजिनिअर ना? तूच बघ की जरा आणि टाक सही. घरचाच माणूस."

"काका, मी सॉफ्टवेअरवाला."

"मग काय झालं? डिग्री इंजिनिअरिंगचीच ना?"

हो, डिग्री इंजिनिअरिंगचीच. आईने फ्रेम करून हॉलमध्ये लावलीय. ऑफिसच्या कार्डावरही 'सीनिअर सॉफ्टवेअर इंजिनिअर' असं छापलंय. पण त्या रात्री डोक्यात किडा वळवळायला लागला. डॉक्टरला नोंदणी लागते, वकिलाला सनद लागते. मग इंजिनिअर म्हणवून घ्यायला नक्की काय लागतं? नेहमीप्रमाणे अख्खा वीकांत त्यात गेला. घरी बोलणी खाल्ली, चालायचंच.

सुरुवात ब्रिटनपासून करावी लागते. १८१८ साली काही तरुण इंजिनिअर लंडनमधल्या एका कॉफी हाउसमध्ये जमले आणि त्यांनी 'इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्स' काढली. (आपण इराण्याकडे बसून स्टार्टअपचे प्लॅन करतो, तसंच. फक्त त्यांचं तडीस गेलं.) दोन वर्षांनी टेलफर्डसारखा दिग्गज अध्यक्ष मिळाला, १८२८ साली राजाची सनद मिळाली. मान मिळाला, पण तो संस्थेला आणि तिच्या सभासदांना. बाहेरच्या कुणी स्वतःला इंजिनिअर म्हणवलं तर त्याला अडवणारा कायदा नव्हता, आजही नाही. तिथे बॉयलर दुरुस्त करायला घरी येतो तोही इंजिनिअरच.

कायदा आला तो भलतीकडेच, अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात. कोरडा, विरळ वस्तीचा मुलूख. शेतीला नदीचं पाणी उचलायचं तर राज्याकडे अर्ज करायचा आणि सोबत नकाशा जोडायचा. पाणी कुणाला, कुठून, किती, हे त्या कागदांवर ठरणार. पाटाच्या पाण्यावरून डोकी कशी फुटतात हे मराठी माणसाला सांगायला नको! तर तिथल्या स्टेट इंजिनिअरच्या, म्हणजे क्लॅरेन्स जॉन्स्टनच्या, लक्षात आलं की हे अर्ज आणि नकाशे वकील, नोटरी आणि आणखी कोणकोण तयार करतायत आणि खाली बेधडक इंजिनिअर किंवा सर्व्हेअर म्हणून सही ठोकतायत. १९०७ साली त्याच्या पुढाकाराने कायदा झाला: लोकांसमोर इंजिनिअर किंवा सर्व्हेअर म्हणून उभं राहायचं तर आधी नोंदणी करा. ८ ऑगस्ट १९०७ रोजी चार्ल्स बेलामी हा अमेरिकेतला पहिला परवानाधारक इंजिनिअर झाला. त्यानंतर कार्यालयात येणाऱ्या नकाशांचा दर्जा चांगलाच सुधारला, असं जॉन्स्टनने नोंदवून ठेवलंय.

मला यातली गंमत अशी वाटते की हे सगळं एका वैतागलेल्या रिव्ह्यूअरने केलं. रोज टेबलावर कचरा येतोय आणि तो कुणी केला याचा पत्ता नाही, हे दुखणं आपल्याही ओळखीचं.

पण एका राज्याने केलं म्हणून सगळ्यांनी केलं असं नाही. शेवटचं राज्य, मोंटाना, यात आलं ते १९४७ साली. त्यातही बहुतेक राज्यांनी कारखान्यांत नोकरी करणाऱ्यांना सूट दिली. कंपनीसाठी यंत्र बनवतोस? मग जबाबदारी कंपनीची, तुला परवाना नको. परवाना हवा तो स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्याला, जो थेट लोकांची कामं घेतो आणि स्वतः सही करतो. ही सूट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

टेक्ससला जाग आली तीनशे जीव गेल्यावर. न्यू लंडन हे तिथलं तेलाच्या पैशावर उभं राहिलेलं गाव. शाळा तर अशी श्रीमंत की बांधायला दहा लाख डॉलरच्या आसपास खर्च केलेला. पण गॅसचं महिन्याचं काही शे डॉलरचं बिल वाचवायचं म्हणून १९३७ च्या सुरुवातीला शाळेने कंपनीचा गॅस बंद केला आणि जवळच्या तेलकंपनीच्या लाइनमधला टाकाऊ गॅस जोडून घेतला. त्या भागात हे सर्रास चालायचं. मुळात इमारतीसाठी वाफेवरची हीटिंग सुचवली होती, तीही बाजूला ठेवून खोल्याखोल्यांत गॅसचे हीटर बसवले होते. त्या गॅसला वास नव्हता. तो इमारतीखालच्या पोकळीत साचत राहिला. १८ मार्च १९३७ ला दुपारी सव्वातीनच्या सुमारास वर्कशॉपच्या शिक्षकांनी पॉलिशचं मशीन चालू केलं, ठिणगी उडाली. सुमारे ३०० माणसं गेली, त्यातली बहुतेक मुलं. शाळा सुटायला काही मिनिटं होती.

ती जोडणी कुणी तपासली होती? कुठल्या कागदावर कुणाची सही होती? चौकशी झाली, पण दोषी असं कुणी ठरलं नाही. त्याच वर्षी टेक्ससने इंजिनिअरिंगच्या व्यवसायासाठी परवान्याचा कायदा केला आणि गॅसला वास देणं सक्तीचं केलं. आपल्या घरच्या सिलिंडरचा तो उग्र वासही असाच मुद्दाम घातलेला असतो.

आता उडी मारू १९८६ मध्ये. राज्य तेच, न्यू लंडनपासून जवळच असलेलं टायलर हे शहर. तिथल्या कॅन्सर हॉस्पिटलात थेरॅक-२५ नावाचं रेडिएशनचं मशीन होतं. ऑपरेटरने चुकून इलेक्ट्रॉनच्या जागी एक्स-रे टाइप केलं, झटकन कर्सर वर नेऊन दुरुस्त केलं आणि मशीन चालू केलं. स्क्रीनवर 'मालफंक्शन ५४' एवढंच आलं. दुरुस्ती आठ सेकंदांच्या आत झाली तर ती मशीनच्या दुसऱ्या भागापर्यंत पोचतच नसे. रेस कंडिशन! आपण इंटरव्ह्यूमध्ये ज्यावर प्रश्न विचारतो ती. पेशंटला ठरलेल्या मात्रेच्या शंभरेक पट रेडिएशन मिळालं. तीन आठवड्यांनी दुसऱ्या पेशंटच्या बाबतीत तेच. दोघंही दगावले. आधीच्या मॉडेलमध्ये अशा वेळी बीम अडवणारे हार्डवेअरचे अडसर होते. नव्यात ते काढून सगळी भिस्त सॉफ्टवेअरवर ठेवली होती. आणि ते सॉफ्टवेअर मुख्यतः एकाच माणसाने लिहिलं होतं, ज्याचं नाव आजतागायत जाहीर झालेलं नाही.

इथे ती कारखान्याची सूट आठवा.

याच टेक्ससने १९९८ साली, अमेरिकेत पहिल्यांदाच, सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगला परवान्याची शाखा म्हणून मान्यता दिली. आणि विरोध केला तो आपल्याच लोकांनी. संगणकवाल्यांची मोठी संघटना एसीएम १९९९ मध्ये म्हणाली की या विद्येला अजून ती पक्वता नाही. परवाना दिला तरी सॉफ्टवेअर सुरक्षित असेल याची खात्री त्यातून मिळणार नाही. खोटं नव्हतं ते. पूल किती भार पेलेल हे गणिताने सांगता येतं, आपल्या कोडचं तसं छातीठोक कोण सांगणार? पुढे २०१३ साली देशपातळीवर परीक्षाही सुरू झाली. पाच वेळा झाली, एकूण बसले ८१ जण, आणि २०१९ मध्ये बंद पडली.

परवान्याचा अतिरेक कसा होतो तेही सांगतो, नाहीतर मी एकतर्फी लिहितोय असं वाटेल. ओरेगनमध्ये मॅट्स यार्लस्ट्रॉम नावाच्या गृहस्थांच्या बायकोला सिग्नल तोडल्याचा दंड झाला. या पठ्ठ्याने पिवळा दिवा किती वेळ हवा याचं सूत्रच तपासलं, त्यातली त्रुटी दाखवली आणि पत्रात स्वतःला इंजिनिअर म्हटलं. स्वीडनची इलेक्ट्रिकलची डिग्री होती त्यांच्याकडे. परवाना नाही म्हणून बोर्डाने ५०० डॉलरचा दंड ठोकला! डिसेंबर २०१८ मध्ये कोर्टात ते जिंकले. म्हणजे शब्दाची राखण करता करता बोर्ड बरोबर गणित करणाऱ्यावरच घसरलं. माझं मत विचाराल तर शब्द कुणीही वापरावा, सही मात्र कुणीही करू नये.

आपल्याकडे 'इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स' १९२० साली निघाली, १९३५ मध्ये शाही सनद मिळाली, म्हणजे ब्रिटनचाच कित्ता. स्वातंत्र्यानंतर वकिलांसाठी १९६१ चा कायदा आला, आर्किटेक्टांसाठी १९७२ चा. इंजिनिअर राहिले ते राहिलेच. इमारतीच्या कागदांवर सही करायचा अधिकार मिळतो तो महापालिकेच्या नोंदणीतून. म्हणूनच काकांना नकार देताना माझ्याकडे निदान एक कारण तरी होतं.

असो. शेवटी सोसायटीने रीतसर माणूस बोलावला. पन्नाशीचे गृहस्थ, सगळे पिलर हातोडीने ठोकून कान देऊन ऐकत होते. गच्चीच्या टाकीखालच्या बीमपाशी बराच वेळ थांबले. रिपोर्ट आला तर पानापानावर सही, शिक्का, नोंदणी क्रमांक. टाकीखालच्या बीमबद्दल 'तातडीने' असा शब्द होता. चेअरमननी विचारलं, जरा सौम्य करता येईल का? ते शांतपणे म्हणाले, "साहेब, खाली नाव माझं आहे."

सोमवारी ऑफिसात माझ्याकडे एक बदल रिव्ह्यूला आला. आमची टीम हॉस्पिटलांसाठी औषधांच्या मात्रा मोजणाऱ्या मॉड्यूलवर काम करते. बावीस फाइल्स, आणि रिलीज संध्याकाळी. एरवी वरवर स्क्रोल करून मी 'अप्रूव्ह' दाबतो. त्या दिवशी कर्सर बटणापर्यंत नेला आणि परत पहिल्या फाइलवर आलो. रिलीज मंगळवारी झाली. मॅनेजर अजून नीट बोलत नाहीये.