इंग्रजीचा पदवीधर आणि हायस्कुलांतील मास्तर

मुंबई विद्यापीठाचा इतिहास सांगतांना न्यायमूर्ति, वकील आणि देशभक्त यांचीं नांवें घेण्याची आपल्याकडे रूढि आहे. पण या विद्यापीठाच्या आरंभींच्या पदवीधरांपैकीं कित्येकांनीं प्रथम कोणत्या तरी हायस्कुलांत मास्तरकी केली होती, ही गोष्ट सहसा कोणी बोलून दाखवीत नाहीं. विद्यापीठांत इंग्रजी वाचून पदवी घ्यावी आणि तेंच इंग्रजी गांवोगांवच्या मुलांना शिकवावें, हा व्यवसाय आपल्या समाजांत दीडशें वर्षांहून अधिक काळ चालत आला आहे. विद्यापीठाचें शिक्षण या व्यवसायास कितपत पुरें पडलें, आणि जेथें तें अपुरें पडलें तेथें ती उणीव कशानें भरून निघाली, या प्रश्नाचा थोडा विचार आम्ही येथें करणार आहों.

१८५४ च्या वुडच्या खलित्यानें विद्यापीठांची स्थापना आणि शिक्षकांची तयारी अशा दोन्ही गोष्टी सुचविल्या होत्या. पहिली तीन वर्षांतच घडून आली. १८५७ सालीं मुंबई विद्यापीठ स्थापन झालें. दुसरीचें फळ मात्र अर्धेंच हातीं लागलें. मराठी शाळांच्या शिक्षकांसाठीं पुण्यास ट्रेनिंग कॉलेज चाललें आणि कृष्णशास्त्री चिपळूणकरांसारखा विद्वान त्याचा प्रमुख झाला. परंतु हायस्कुलांत इंग्रजी शिकविणाऱ्यास अशा तयारीची गरज आहे, असें कोणास वाटलें नाहीं. मुळाक्षरें शिकविणाऱ्या पंतोजीनें अध्यापनाचे धडे घ्यावे, आणि परकी भाषा शिकविणाऱ्यानें मात्र पदवीच्या बळावर वर्गांत उभें राहावें, असा हा विलक्षण न्याय होता.

१८६२ सालीं बी. ए. ची पहिली परीक्षा उतरलेले चौघे म्हणजे रानडे, भांडारकर, वागळे आणि मोडक. यांपैकीं रामकृष्ण गोपाळ भांडारकर प्रथम सिंधमधील हैदराबादेस आणि नंतर रत्नागिरीस हेडमास्तर झाले. वामन आबाजी मोडक पुढें एल्फिन्स्टन हायस्कुलाचे प्रमुख झाले. कॉलेजांत शेक्सपिअर आणि मिल्टन यांच्या सहवासांत वाढलेल्या अशा तरुणांपुढें वर्गांत कोण बसलेलें असे? मराठी शाळेंतून नुकताच आलेला, घरीं इंग्रजीचा एक शब्दही न ऐकणारा मुलगा. आणि त्या काळीं इंग्रजी हा कांहीं अनेक विषयांपैकीं एक विषय नव्हता. इतिहास, भूगोल, गणित हीं सर्व इंग्रजींतूनच शिकावयाचीं आणि मॅट्रिकच्या परीक्षेंत उत्तरेंही इंग्रजींतच लिहावयाचीं. म्हणजे इंग्रजी हें सर्व विद्यांचें दार होतें आणि त्याची किल्ली एका मास्तराच्या हातीं होती. ती नीट फिरली नाहीं तर हुशार मुलगाही बाहेरच राही, अथवा पाठांतराच्या खिडकींतून कसाबसा आंत शिरे.

ही अडचण विद्यापीठानें सोडविली नाहीं; ती सोडविली त्या मास्तरांनींच. भांडारकरांनीं शाळेंतील मुलांसाठीं संस्कृताचीं जीं दोन पुस्तकें रचिलीं त्यांत थोडा नियम, लगेच वाक्यें आणि दोन्ही बाजूंनीं भाषांतर असा क्रम आहे. एक भाषा दुसरीच्या शेजारीं ठेवून शिकविण्याची ही रीत वर्गांतल्या गरजेंतून आलेली आहे.

या दृष्टीनें १८८० च्या जानेवारींत पुण्यास निघालेल्या न्यू इंग्लिश स्कुलाकडे पाहिलें पाहिजे. रत्नागिरीच्या सरकारी हायस्कुलांतील नोकरी सोडून आलेले विष्णुशास्त्री, टिळक आणि नामजोशी यांच्या देशाभिमानाविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे; त्यांच्या शाळेंतील इंग्रजीविषयीं फारसें नाहीं. इंग्रजीला वाघिणीच्या दुधाची उपमा देणारे विष्णुशास्त्री 'निबंधमाले'चेही कर्ते होते, हा योगायोग नव्हे. एम. ए. झाल्यावर या मंडळींस मिळालेल्या आगरकरांनीं 'हॅम्लेट'चें 'विकारविलसित' केलें आणि १८८८ सालीं 'वाक्यमीमांसा' लिहून मराठी वाक्याच्या पृथक्करणाचा मार्ग दाखविला. वासुदेवराव केळकर इंग्रजी शिकवीत; शेक्सपिअरच्या एका नाटकाची 'त्राटिका' त्यांनींच केली. यांना अध्यापनाची पदविका कोणीच दिली नव्हती. पण इंग्रजी वाक्य हातीं घेतलें म्हणजे मराठी वाक्य आपोआप त्यांच्या डोळ्यांपुढें उभें राही. त्यांचें खरें ट्रेनिंग कॉलेज हेंच.

या म्हणण्यांत अतिशयोक्ति नाहीं, हें एका उदाहरणावरून दिसेल. 'मला भूक लागली' या वाक्यांत कर्ता भूक आहे. इंग्रजींत तोच अर्थ सांगतांना भुकेलेला माणूस स्वतःच कर्ता होतो. मराठींत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटीं येतें, इंग्रजींत तें कर्त्याच्या मागोमाग चालतें. 'ए' आणि 'दि' या उपपदांस तर मराठींत जोडीच नाहीं. मुलाच्या चुका बहुतेक अशाच ठिकाणीं होतात. शेक्सपिअर कितीही वाचला तरी या चुका कां होतात तें कळत नाहीं. मराठी वाक्याचा कधीं विचार केला असेल तरच कळतें.

हायस्कुलांतील शिक्षकांची अध्यापनाच्या तत्त्वांत आणि प्रयोगांत परीक्षा घ्यावी, अशी शिफारस १८८२ च्या हंटर कमिशननें केली. परंतु मुंबईस सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज निघण्यास १९०६ साल उजाडावें लागलें. त्याचे प्राचार्य नेल्सन फ्रेझर यांनीं मराठे यांच्या साहाय्यानें तुकारामाचे अभंग इंग्रजींत उतरविले, ही गोष्ट आम्हांस मोठी बोधप्रद वाटते. इंग्रजीचे शिक्षक तयार करणाऱ्या इंग्रजासही आपल्या विद्यार्थ्यांची भाषा शिकावीशी वाटली! याच सुमारास मातृभाषेस वर्गाबाहेर ठेवणारी 'डायरेक्ट' पद्धति पुढें आली. मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यांत असलेले पी. सी. रेन हे तिचे एक पुरस्कर्ते. पद्धति वाईट नव्हती. पण तिला अस्खलित बोलणारा शिक्षक आणि लहान वर्ग हवा होता, आणि आपल्याकडे दोन्ही दुर्मिळ. म्हणून पुढें घरोघरीं शिरलें तें रेन आणि मार्टिन यांचें व्याकरण, आणि त्याच्या जोडीला तर्खडकरांची भाषांतरमाला.

पुढें हायस्कुलांतून मराठी हें शिक्षणाचें माध्यम झालें आणि स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यांत इंग्रजीचा आरंभ आठव्या इयत्तेवर गेला. १९५८ सालीं हैदराबादेस इंग्रजीच्या अध्यापनासाठीं मध्यवर्ती संस्था निघाली. २००० सालीं महाराष्ट्रानें इंग्रजी पहिलीपासून सुरू केलें, आणि २०१५ पासून बी. एड. चा अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला. अध्यापनपद्धतीची उणीव आज कोणी काढूं शकणार नाहीं. उलट तिचाच सुकाळ आहे. पण शिक्षक होण्याच्या इच्छेनें जो विद्यार्थी आज इंग्रजी घेऊन बी. ए. होतो, त्याला एकीकडे कादंबरी आणि समीक्षा व दुसरीकडे अध्यापनाचें तंत्र मिळतें. या दोहोंना जोडणारा मराठीचा डोळस अभ्यास मात्र कोणीच त्याच्याकडून करून घेत नाहीं. मग तालुक्याच्या गांवीं चाळीस-पन्नास मुलांपुढें उभें राहिल्यावर तो चूक दाखवूं शकतो. चुकीचें मूळ दाखवूं शकत नाहीं.

इंग्रजीच्या शिक्षकास इंग्रजी उत्तम यावें, हें सांगण्याची आवश्यकता नाहीं. परंतु पहिल्या पिढीच्या मास्तरांचा इतिहास आणखी एक गोष्ट सांगतो: शिकवावयाची भाषा आणि शिकणाऱ्याची भाषा या दोहोंच्या उंबरठ्यावर जो उभा असतो, तोच मुलाला हात धरून आंत नेऊं शकतो. विद्यापीठानें इंग्रजीच्या भावी शिक्षकासाठीं दोन भाषांच्या तुलनेची एक प्रश्नपत्रिका जरी ठेवली, तरी शेवटच्या बांकावरील मुलाला तिचा लाभ होईल. दार कोणासाठीं उघडतें आणि कोणासाठीं बंद राहतें, हें त्याच्या बांकावर बसूनच नीट कळतें.