कराते-विद्येंतील ‘काता’

ज्या विद्या ग्रंथांत उतरल्या, त्यांचा इतिहास लिहिणें त्या मानानें सोपें असतें. पोथी सांपडते, तिचा काळ ठरवितां येतो, पाठभेद ताडून पाहतां येतात. परंतु जी विद्या कागदावर न उतरतां माणसांच्या हातापायांतून पिढ्यान् पिढ्या चालत आली, तिच्या इतिहासकारानें काय करावें? त्याचा ग्रंथ चालता-बोलता असतो. तो म्हातारा होतो, विसरतो, शिष्याची पात्रता पाहून कमीअधिक सांगतो, आणि एके दिवशीं मरतो. कराते या नांवानें जगभर प्रसिद्ध झालेल्या निःशस्त्र युद्धविद्येंतील ‘काता’ हा असाच शरीरावर लिहिलेला ग्रंथ होय. आमच्याकडेही आतां शहरोशहरीं मुलेंमुली पांढरे पोशाख घालून हे काते गिरवितांना दिसतात, आणि ही शेंकडों वर्षांची अविकृत परंपरा आहे असें त्यांस मोठ्या विश्वासानें सांगण्यांत येतें. हें सांगणें कितपत खरें आहे, तें पाहण्याचा येथें आमचा विचार आहे.

काता या जपानी शब्दाचा अर्थ साचा किंवा घाट असा आहे. समोर प्रतिस्पर्धी नसतां, एकट्यानें, ठरलेल्या क्रमानें व ठरलेल्या दिशांनीं करावयाची मार, अडवणूक, पकड आणि पदन्यास यांची मालिका म्हणजे काता. कांहींत वीसएक हालचाली असतात, कांहींत साठांच्या वर. बहुतेक कात्यांत पहिली हालचाल बचावाची असते, आणि जेथून आरंभ केला तेथेंच, किंवा त्याच्या जवळपास, शेवट होतो. पाहणारास हें एक प्रकारचें कडक नृत्य वाटतें. करणारास मात्र प्रत्येक वळणावर एक अदृश्य शत्रु उभा आहे असें समजावयाचें असतें.

या विद्येचें माहेर जपानची मुख्य भूमि नसून, तिच्या नैऋत्येस असलेलें ओकिनावा बेट आहे. तिच्या उगमाविषयीं दोन कथा फार लोकप्रिय आहेत, आणि दोन्ही कसोटीस टिकत नाहींत. त्यांपैकीं पहिली आम्हां भारतीयांस विशेष गोड वाटणारी आहे. दक्षिण भारतांतून चीनमध्यें गेलेल्या बोधिधर्मानें शाओलिन मठांतील भिक्षूंस व्यायाम शिकविला, त्यांतून चिनी मुष्टियुद्ध निघालें, आणि तेंच पुढें ओकिनावांत जाऊन कराते झालें, अशी ती कथा. तिचा मुख्य आधार ‘यिजिन जिंग’ हा स्नायुसंवर्धनावरील चिनी ग्रंथ. त्याची एक प्रस्तावना सातव्या शतकांतील एका सेनापतीच्या नांवावर खपविली आहे. परंतु ग्रंथ प्रत्यक्षांत १६२४ च्या सुमाराचा आणि एका ताओपंथी लेखकाचा आहे. त्यांतील ढोबळ चुका लिंग तिंगखान (१७५७-१८०९) या चिनी पंडितानेंच चव्हाट्यावर मांडून त्या लेखकाची थट्टा केली होती. बोधिधर्म हा ध्यानमार्गाचा आचार्य म्हणून पूज्य आहेच. त्यास मल्ल ठरविल्यानें त्याची योग्यता वाढत नाहीं, आणि आमच्या देशाभिमानासही असल्या उसन्या दागिन्याची गरज नाहीं. खुद्द ओकिनावाचे थोर आचार्य इतोसू आन्को (१८३१-१९१५) यांनीं १९०८ सालीं लिहिलेल्या दहा कलमी पत्राच्या आरंभींच असें बजावलें आहे कीं, ही विद्या बौद्ध किंवा कन्फ्यूशियसच्या मतांतून निघालेली नसून ती पूर्वीं चीनमधून आली.

दुसरी कथा अधिक नाट्यमय आहे. राजानें, आणि १६०९ मध्यें बेट जिंकल्यावर सात्सुमाच्या जपानी सरदारानें, प्रजेचीं शस्त्रें काढून घेतलीं; म्हणून गरीब शेतकऱ्यांनीं नुसत्या मुठींनीं सामुरायांशीं झुंजण्याची कला शोधली, असें म्हणतात. परंतु शुरी येथील राजवाड्याच्या कठड्यावर १५०९ सालीं कोरलेल्या ज्या लेखाचा यासाठीं हवाला देतात, त्यांत तरवारी व धनुष्यें राज्याच्या रक्षणार्थ सांठविल्याचें म्हटलें आहे; जप्तीपेक्षां शस्त्रागाराशींच त्याचा अर्थ अधिक जुळतो. शिवाय ज्यांचीं नांवें या विद्येच्या इतिहासांत उरलीं, ते शेतकरी नव्हतेच. मात्सुमुरा सोकोन हे राजाच्या पदरचे अधिकारी, इतोसू हे दरबारांत लेखनिक, आणि फुनाकोशी गिचिन (१८६८-१९५७) हे जुन्या मानकरी घराण्यांत जन्मलेले शाळामास्तर. कराते ही कारकुनांची, पहारेकऱ्यांची आणि पंतोजींची विद्या होती, असें म्हटलें तर कथेची गोडी जाईल खरी. पण सत्य त्याच्याच जवळ आहे.

मग विश्वसनीय असें हातीं काय लागतें? ओकिनावा तेव्हां र्‍यूक्यू या स्वतंत्र राज्याचें मुख्य बेट होतें. १३७२ पासून हें राज्य चीनच्या बादशहास नजराणा पाठवीत असे, आणि परंपरेप्रमाणें १३९२ सालीं चीनच्या फूजियान प्रांतांतील कुटुंबें नाहा बंदराजवळ कुमे येथें येऊन राहिलीं. पुढें शतकानुशतकें व्यापारी, विद्यार्थी व राजदूत यांची दोन्ही किनाऱ्यांत ये-जा चालू होती. १७६२ सालीं र्‍यूक्यूचें एक जहाज वादळांत भरकटून जपानच्या तोसा प्रांतास लागलें. तेथील एका विद्वानानें जहाजावरील लोकांस नाना प्रश्न विचारून त्यांचीं उत्तरें टिपून ठेविलीं. त्या टिपणांत असें येतें कीं, चीनमधून आलेला कुशांकू नांवाचा एक मनुष्य अंगानें दुबळा असूनही बलिष्ठ माणसास पाडीत असे. वादळ झालें नसतें तर ही ओळही उरली नसती. ओकिनावांतील एका मोठ्या कात्याचें नांव ‘कुशांकू’ असेंच आहे.

दुसरा पुरावा १८६७ चा. राजा शो ताई यास चीनच्या दूतांनीं विधिपूर्वक राजपद दिल्यानंतर शुरी येथें जो समारंभ झाला, त्याच्या कार्यक्रमपत्रिकेंत कुमेच्या लोकांनीं करून दाखविलेल्या कसरतींचीं नांवें आहेत, आणि त्यांत ‘सेसान’ व ‘सुपारिंपेई’ हे दोन काते स्पष्ट आढळतात. हीं नांवें चिनी संख्यावाचक आहेत: सेसान म्हणजे तेरा, सुपारिंपेई म्हणजे एकशें आठ. याच कुळांत सेपाई म्हणजे अठरा आणि सान्सेरू म्हणजे छत्तीस असे आणखी काते आहेत. एकशें आठ ही संख्या बौद्ध जपमाळेची. आमच्याही माळेची तीच. तीवरून कोणी पुन्हां बोधिधर्माकडे धांव घेऊं नये. संख्या हालचालींशींही नीट जुळत नाहीं. नांवाचा उच्चार मात्र फूजियानकडे बोट दाखवितो, आणि इतिहासास तेवढें बोट पुरे आहे.

आतां कात्याच्या स्वरूपाकडे वळूं. त्याचा मुख्य धर्म स्मरणाचा आहे. एकट्यानें, रात्रीं, घराच्या अंगणांत किंवा स्मशानाजवळच्या मोकळ्या जागेंत ज्यांनीं ही विद्या जतन केली, त्यांस पोथीची सोय नव्हती. प्रतिपक्ष्याचें मनगट कसें धरावें, त्याचा तोल कोणत्या कोनांत जातो, धरल्यावर मार कोठें बसतो, हें सारें त्या मालिकेंत गुंफलेलें असे. आणि प्रत्येक गांठ सोडवून दाखविण्याचें काम गुरूचें. या उकलीस ‘बुन्काई’ म्हणतात. उदाहरणार्थ, बहुतेक सर्व कात्यांत एक हात पुढें जातो तेव्हां दुसरी मूठ कमरेशीं खेंचलेली असते. मुलांस सांगतात कीं, यानें माराला जोर येतो. फुनाकोशींनीं मात्र या खेंचण्याचा खरा अर्थ, शत्रूचा हात पकडून, पिळून आपल्याकडे ओढणें, असा दिला आहे. म्हणजे जी मूठ आज रिकामी दिसते, तींत मुळांत दुसऱ्याचें मनगट होतें! तें मनगट विसरलें, आणि मूठ कमरेशीं तशीच राहिली.

‘नाइहांची’ नांवाचा काता पाहावा. घोड्यावर बसल्यासारखे पाय फांकून, तोंड समोर ठेवून, करणारा एकाच सरळ रेषेंत डावीकडे व उजवीकडे सरकतो. पुढें-मागें एक पाऊलही टाकीत नाहीं. पाठ भिंतीला टेकली असतां लढण्याची ही रीत, असें कोणी म्हणतात. होडींत उभें राहून लढण्याची, असें दुसरे म्हणतात. आम्हांस तर वाटतें कीं, अगदीं जवळ भिडलेल्या माणसास धरून बाजूस ओढण्याची ती तालीम असावी. अर्थाविषयीं येवढा मतभेद आणि हालचालींविषयीं येवढा आग्रह, ही स्थिति वेदपाठाची आठवण करून देते. पण आमच्या वैदिकांनीं क्रम, जटा, घन अशा पाठांचें कुंपण घालून अक्षर सांभाळलें. कात्यास असें कुंपण कधींच नव्हतें. म्हणून ‘सान्चिन’ हा एकच काता पाहिला तरी, नाहाच्या मियागी चोजून यांच्या गोजू संप्रदायांत तो बंद मुठींनीं करतात, आणि उएची कान्बून यांच्या संप्रदायांत उघड्या पंजांनीं. दोन्ही संप्रदाय आपला वंश फूजियानमधील फूचौ या एकाच शहरापर्यंत नेऊन पोंचवितात.

सर्वांत मोठें स्थित्यंतर झालें तें मात्र विस्मरणानें नव्हे, तर जाणूनबुजून. १८७९ मध्यें जपाननें र्‍यूक्यूचें राज्य खालसा करून त्याचा ओकिनावा जिल्हा केला. दरबार गेला, मानकऱ्यांचीं पोटें उघडीं पडलीं, आणि गुप्तपणें शिकवावयाच्या विद्येस आश्रय उरला नाहीं. तेव्हां इतोसूंनीं १९०१ सालीं ती शुरीच्या प्राथमिक शाळेंत आणि १९०५ च्या सुमारास मोठ्या शाळांत नेली. गुरुशिष्यांच्या एकांतांतील विद्या आतां पन्नास-पन्नास मुलांनीं रांगेंत, आकडे मोजीत करावयाची झाली. यासाठीं इतोसूंनीं ‘पिनान’ नांवाचे पांच लहान काते रचले. आज जगांतील बहुतेक शिकाऊ मुलें याच पांचांपासून किंवा त्यांच्या वंशजांपासून सुरुवात करतात. म्हणजे ज्यास ‘प्राचीन’ म्हणतात त्याचा बराच भाग विसाव्या शतकांतील क्रमिक पुस्तक आहे. वर सांगितलेल्या १९०८ च्या पत्रांत इतोसू या विद्येचा सैनिकी उपयोग सांगतात, आणि नेपोलियनवरील जय शाळेच्या क्रीडांगणांवरच मिळविला गेला, या अर्थाचें वेलिंग्टनच्या नांवावरचें वचन पुढें करतात. आमच्या पिढीनें शाळेंत इंग्रजी इतिहासाबरोबर तेंच वचन घोकलें आहे. तें शुरीच्या या वृद्ध लेखनिकाच्या तोंडीं पाहून गंमत वाटते, आणि थोडा खेदही होतो. पण दोष कोणास द्यावा? मुलांस गळा दाबण्याची व सांधा निखळविण्याची विद्या शाळेंत शिकविणें शक्य नव्हतें. अर्थ बाजूस ठेवून आकृति तेवढी मुलांच्या अंगीं लावली, म्हणून ती आकृति तरी वांचली. त्याच पत्रांत, प्रत्येक हालचालीचा अर्थ व प्रसंग समजून घ्या, आणि आपण काता आरोग्यासाठीं करतों कीं उपयोगासाठीं हें आधीं ठरवा, असेंही इतोसूंनीं बजावलें आहे. शाळांनीं पहिला पर्याय घेतला, आणि दुसऱ्याची आठवण बहुतेकांस राहिली नाहीं.

यानंतरचा फेरफार मात्र आम्हांस तितका क्षम्य वाटत नाहीं. १९२२ मध्यें फुनाकोशींनीं तोक्योंत आपली विद्या दाखविली, आणि ज्यूदोचे प्रवर्तक कानो जिगोरो यांनीं त्यांस आपल्या कोदोकानमध्यें पाचारण केलें. तेव्हां ‘कराते’ या शब्दाचें पहिलें अक्षर ‘तांग’, म्हणजे चीन, असें लिहीत. अर्थ ‘चिनी हात’. जपानांत चीनविरोधी लष्करी वारें वाहूं लागलें तसें हें अक्षर खुपूं लागलें. त्याच उच्चाराचें ‘रिक्त’ या अर्थाचें अक्षर हानाशिरो चोमो यांनीं १९०५ मध्येंच वापरलें होतें. तें पुढें आलें, आणि २५ ऑक्टोबर १९३६ रोजीं नाहा येथें एका वृत्तपत्रानें भरविलेल्या आचार्यांच्या सभेनें त्यावर शिक्कामोर्तब केलें. काते तरी कसे सुटावे? फुनाकोशींनीं पिनानचें ‘हेइआन’ केलें, नाइहांचीचें ‘तेक्की’, सेसानचें ‘हान्गेत्सु’, आणि कुशांकूचें ‘कान्कू’. नवीं नांवें अर्थपूर्ण आहेत, सुंदरही आहेत. परंतु ज्या विद्येचा लेखी पुरावा इतका विरळ, तिचें नांव हाच पुष्कळदां एकमेव दस्तऐवज असतो. तोच फाडून टाकिला, तर पुढच्या माणसानें वाट कशी काढावी? तोसाच्या टिपणांतील मनुष्य ‘कान्कू’ या नांवांतून कोणास ओळखूं आला असता!

उरलेसुरलें १९४५ च्या लढाईनें नेलें. तीन महिने चाललेल्या त्या संहारांत ओकिनावाचे सुमारें एक लाख नागरिक मेले, शुरीचा राजवाडा जमीनदोस्त झाला, घरोघरचे कागद जळाले. कित्येक संप्रदायांचे गुरु व शिष्य एकदमच गेले. जे वांचले त्यांच्या अंगांत जेवढे काते होते, तेवढे राहिले. पुढें अमेरिकन शिपाई या बेटावर तळ देऊन राहिले, नाहाच्या आखाड्यांत शिकले, आणि ही विद्या समुद्रापार घेऊन गेले, तो इतिहास निराळा आहे.

तोक्यो येथील २०२० चें ऑलिंपिक साथीमुळें २०२१ मध्यें भरलें. त्यांत कात्यास प्रथमच स्थान मिळालें. पुढें २०२४ च्या पॅरिस येथील सामन्यांत तें राहिलें नाहीं. पुरुषांत सुवर्णपदक ओकिनावाच्याच कियुना र्‍यो यांनीं मिळविलें. त्या बेटाचें तें पहिलें सुवर्णपदक. स्त्रियांत स्पेनच्या सान्द्रा सान्चेझ पहिल्या आल्या, आणि अंतिम फेरीसाठीं त्यांनीं निवडलेला काता होता ‘चातान यारा कुशांकू’, जुन्या नांवानिशीं. जागतिक संघाच्या नियमांप्रमाणें सांघिक कात्याच्या पदकफेरींत बुन्काई करून दाखवावी लागते. एकट्यानें करावयाच्या कात्यांत ती मागत नाहींत. तेथें परीक्षक तोल, वेग, जोर आणि आकृतीची रेखीवता पाहून गुण देतात.