एका वाडग्याचा इतिहास

इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें तह, लढाया आणि राजवाडे उभे राहतात. परंतु कधीं कधीं तो स्वयंपाकघरांतल्या एखाद्या वाडग्यांतहि सांठलेला असतो. अशाच एका वाडग्याची हकीकत मी आज आपणांस सांगणार आहें.

जपानच्या उत्तरेस होक्काइदो नांवाचें बेट आहे. तेथील इशिकारी नदीच्या मुखाशीं एक पदार्थ प्रसिद्ध आहे. कोंबू ही समुद्रवनस्पति थंड पाण्यांत भिजत घालावी, पाणी उकळूं लागण्यापूर्वीं ती काढून घ्यावी, त्या पाण्यांत कोबी, कांदा व मुळा शिजवावा आणि मग सॅल्मन माशाचे तुकडे सोडावे. शेवटीं मिसो, म्हणजे आंबविलेल्या सोयाबीनचा लगदा, कालवावा; तो फार उकळला तर त्याचा सुवास जातो. वेगळ्या उकडलेल्या नूडल्स, म्हणजे गव्हाच्या जाड शेवयाच, त्यांत घातल्या कीं घरच्या घरीं पुरें जेवण होतें. आपल्याकडे रावसाला इंग्रजींत 'इंडियन सॅल्मन' म्हणतात खरें; पण त्याचें कूळ निराळें.

आतां या वाडग्यांत कोण कोठून आलें तें पाहूं. शेवयांची कला चीनची. कोंबू पूर्वापार गलबतांतून दक्षिणेस ओसाकापर्यंत जात असे. त्याच्याच काढ्यांतील रुचीचें रहस्य, ग्लुटामेट, किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञानें १९०८ सालीं शोधून काढलें. कांदा मात्र वसाहतीबरोबर आला. १८६९ सालीं सरकारनें बेटास होक्काइदो हें नांव देऊन वसाहत खातें उघडलें. १८७६ सालीं साप्पोरोस कृषि महाविद्यालय निघालें व अमेरिकन अध्यापकांनीं नव्या पिकांचे धडे दिले.

आणि मासा? तो तेथील मूळ रहिवासी ऐनू लोकांचा. त्यांच्या भाषेंत त्याचें नांव 'कामुय चेप', म्हणजे देवाचा मासा. हिवाळ्यासाठीं ते तो वाळवून ठेवीत. परंतु १८७० नंतरच्या काळांत सरकारनें एकामागून एक नद्यांत त्यांची मासेमारी बंद केली. ज्यांचें अन्न तेंच चोरी ठरलें! १८९९ च्या कायद्यानें 'संरक्षणा'च्या नांवाखालीं त्यांना शेतीकडे वळविलें. तो कायदा १९९७ सालीं रद्द झाला. २०१९ सालीं कायद्यानें त्यांना मूळ रहिवासी म्हणून मान्यता दिली, पण नदींतील माशावरचा हक्क दिला नाहीं. त्यासाठीं २०२० सालीं केलेला दावा साप्पोरोच्या न्यायालयानें २०२४ सालीं फेटाळला.

वसाहतवाल्यांचा कांदा आणि ऐनूंचा मासा एकाच वाडग्यांत गुण्यागोविंदानें नांदतात; माणसांना तें अद्याप साधलेलें नाहीं. रुचकर घांस घेतांना तो कोणाच्या ताटांतून आला, एवढें विचारण्याची संवय आपणांस लागली, तर इतिहास वाचल्याचें सार्थक झालें म्हणावयाचें.