कॅनडा : देश एक, सरकारं चौदा

"मुलगा कॅनडाला चाललाय" हे वाक्य हल्ली आपल्या घरांतून सहज ऐकू येतं. ज्या घरांतली माणसं एकेकाळी कुवेत-दुबईला गेली, त्याच घरांतली पुढची पिढी आता टोरंटोचं नाव घेते. पण "कॅनडात नेमकं कुठे?" असं विचारलं, की अनेकदा एखाद्या कॉलेजचं नाव पुढे येतं, आणि तेही एजंटाने सांगितलेलं.

हा प्रश्न नुसत्या पत्त्याचा नाही. दवाखान्याचा खर्च कोण देणार, इथली डिग्री चालणार का, शाळेत हिजाब घालून शिकवता येईल का, वडिलांच्या पश्चात घर कुणाला मिळेल, या सगळ्यांची उत्तरं त्या देशात प्रांताप्रांताला बदलतात. म्हणून कॅनडाची जमीन, माणसं आणि राज्यकारभार यांची ओळख आम्ही आज थोडी सविस्तर करून देत आहोत.

जमीन अफाट, वस्ती एका पट्ट्यात

क्षेत्रफळाने कॅनडा रशियाच्या खालोखाल जगात दुसरा. सुमारे ९९.८५ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या तिप्पट आणि महाराष्ट्राच्या बत्तीस पट. आणि माणसं? चार कोटींच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत एकट्या महाराष्ट्रात ११ कोटी २४ लाख लोक होते. त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडेच जास्त लोक एवढ्या जागेत राहतात.

राहतात म्हणजे सगळीकडे पसरून राहतात असंही नाही. जवळपास दोन-तृतीयांश लोक अमेरिकेच्या सीमेपासून १०० किलोमीटरच्या आत आहेत. नकाशात दिसणारा वरचा अवाढव्य भाग जवळजवळ रिकामा. देशाचा निम्मा भूभाग 'कॅनेडियन शील्ड' नावाच्या जुन्या खडकाने व्यापलेला आहे. वर मातीचा पातळ थर, जंगल आणि असंख्य तळी. तिथे शेती नाही, खाणी आहेत. त्यामुळे विंडसरपासून टोरंटो, ओटावा, मॉन्ट्रियल करत क्वेबेक शहरापर्यंतच्या पट्ट्यातच देशाची निम्मी वस्ती दाटली आहे. गंमत म्हणजे हा 'उत्तरेकडचा देश' असला तरी टोरंटो पॅरिसपेक्षा दक्षिणेला आहे. तरीही थंडी पॅरिसपेक्षा कडक.

पश्चिमेकडे मॅनिटोबा, सस्कॅचेवान, अल्बर्टा हे सपाट गवताळ प्रांत. मसूर निर्यात करण्यात कॅनडा जगात पहिला, आणि त्यातली बहुतेक मसूर सस्कॅचेवानात पिकते. आपल्या घरातल्या खिचड्यातली मसूर तिथून आलेली असू शकते. त्यापलीकडे रॉकी पर्वत, आणि मग पॅसिफिक किनाऱ्यावर व्हँकुव्हर. तिथे हिवाळ्यात बर्फापेक्षा पाऊसच जास्त. विनिपेगला मात्र पारा उणे ३० पर्यंत उतरला तर कुणाला नवल वाटत नाही. म्हणून "कॅनडात थंडी किती?" या प्रश्नालाही एक उत्तर नाही. १९४७ च्या फेब्रुवारीत युकॉनमधल्या स्नॅग या ठिकाणी उणे ६३ अंश नोंदले गेले, तर जून २०२१ मध्ये ब्रिटिश कोलंबियातल्या लिटन गावात ४९.६ अंश. दुसऱ्याच दिवशी ते गाव वणव्यात जळालं.

घड्याळही एक नाही, वेळेचे सहा पट्टे आहेत. मुंबईत दुपारचे बारा वाजतात तेव्हा हिवाळ्यात टोरंटोत रात्रीचा दीड असतो आणि व्हँकुव्हरला अजून आदलीच रात्र. उन्हाळ्यात टोरंटोशी हा फरक एका तासाने कमी होतो. आईने फोन कधी करायचा, हे सुद्धा प्रांतावर ठरतं.

रोज्याचं गणितही वेगळं. एडमंटनला जूनमध्ये दिवस सतरा तासांचा, डिसेंबरात जेमतेम साडेसात तासांचा. रमजान उन्हाळ्यात आला की रोजा लांबच लांब, हिवाळ्यात आला की बघता बघता मगरिब.

माणसं कोण आहेत

मूळचे तिथले म्हणजे फर्स्ट नेशन्स, मेटी आणि इन्युइट. २०२१ च्या जनगणनेत ते सुमारे १८ लाख, म्हणजे ५ टक्के होते. त्यांच्या मुलांना आईबापांपासून तोडून निवासी शाळांत कोंडण्याचा प्रकार शंभरहून अधिक वर्षं चालला. दीड लाखाहून जास्त मुलं त्यातून गेली. शेवटच्या शाळा १९९० च्या दशकात बंद झाल्या. २०१५ मध्ये सत्यशोधन आयोगाचा अहवाल आला, त्याने याला सांस्कृतिक वंशसंहार म्हटलं. कॅनडाच्या सभ्यपणाचं कौतुक करताना हे पान उलटून पुढे जाऊ नये, असं आम्हाला वाटतं.

मग फ्रेंच आले, नंतर इंग्रज, आणि नंतर सगळं जग. आज दर चारांतला जवळपास एक माणूस परदेशात जन्मलेला आहे. फ्रेंच ही पाचव्या हिश्श्याच्या लोकांची मातृभाषा, आणि त्यातले बहुतेक क्वेबेकमध्ये. जून २०२३ मध्ये लोकसंख्येने ४ कोटींचा आकडा ओलांडला. त्यानंतर घरांची टंचाई आणि भाडेवाढ यावरून ओरड वाढली, आणि सरकारने हात आखडता घेतला. २०२५ साठी कायम वास्तव्याचं उद्दिष्ट ५ लाखांवरून ३ लाख ९५ हजारांवर आणलं. दार बंद झालेलं नाही, पण अरुंद झालंय.

१८७१ च्या जनगणनेत तिथे १३ मुसलमान नोंदले गेले होते. २०२१ मध्ये १७ लाख ७५ हजार, म्हणजे ४.९ टक्के. २००१ मध्ये हे प्रमाण २ टक्के होतं. निम्म्याहून जास्त एकट्या ऑन्टारिओत आहेत, त्याखालोखाल क्वेबेकमध्ये.

पहिली मशीद मात्र या दोन्ही प्रांतांत नाही, अल्बर्टात उभी राहिली. एडमंटनची अल रशीद मशीद, १९३८. लेबनॉनहून आलेल्या हिलवी हमदून या बाईंनी इतर बायकांना घेऊन महापौरांकडे जागा मागितली, दुकानोदुकानी फिरून वर्गणी जमवली. ख्रिश्चन आणि यहुदी दुकानदारांनीही पैसे दिले. बांधणारा कंत्राटदार युक्रेनी वंशाचा, त्यामुळे इमारत थोडी त्यांच्या चर्चसारखी दिसते. उद्‌घाटनाला हजर होते अब्दुल्ला युसूफ अली, ज्यांचं कुरआनचं इंग्रजी भाषांतर आपल्यातल्या अनेकांच्या कपाटात आहे. ते शिकले आपल्या मुंबईतच, अंजुमनच्या शाळेत आणि विल्सन कॉलेजात.

दुसरी मशीद सांगायची ती इनुविकची. आर्क्टिक वर्तुळाच्याही उत्तरेला तीन हजारांच्या वस्तीचं गाव. उन्हाळ्यात तिथे सूर्य आठवडेच्या आठवडे मावळत नाही, हिवाळ्यात महिनाभर उगवत नाही. तिथल्या शंभरेक मुसलमानांसाठी मशीद बांधणं इतकं महाग पडत होतं, की ती विनिपेगमध्ये तयार करून २०१० मध्ये ट्रकवर चढवली आणि पुढे मॅकेन्झी नदीतून तराफ्यावरून नेली. सूर्यच मावळत नसेल तिथे नमाजाच्या वेळा कशा धरायच्या? दक्षिणेकडच्या शहराचं वेळापत्रक लावून.

सगळं गोडच आहे असं नाही. २९ जानेवारी २०१७ ला क्वेबेक शहरातल्या मशिदीत बंदुकधाऱ्याने सहा नमाजींना ठार केलं. ६ जून २०२१ ला ऑन्टारिओतल्या लंडन शहरात फिरायला निघालेल्या एका मुस्लिम कुटुंबावर गाडी घातली गेली, चौघे गेले. २९ जानेवारी हा आता तिथे इस्लामद्वेषाविरोधी स्मृतिदिन म्हणून पाळतात.

कारभार कुणाच्या हातात

१ जुलै १८६७ ला चार प्रांत मिळून हा देश झाला. शेवटचा प्रांत, न्यूफाउंडलंड, १९४९ मध्ये आला. आज दहा प्रांत आणि तीन प्रदेश आहेत. यातला नुनावुत १९९९ मध्ये वेगळा झाला. आकाराने महाराष्ट्राच्या सहापट, वस्ती ३७ हजारांच्या आसपास, आणि एका गावातून दुसऱ्या गावाला जायला रस्ता नाही, विमानच.

राष्ट्रप्रमुख आजही ब्रिटनचा राजा, चार्ल्स तिसरा. त्याच्या वतीने गव्हर्नर जनरल सही करतात. २०२१ मध्ये मेरी सायमन या पदावर आल्या, तेव्हा पहिल्यांदा मूळनिवासी व्यक्ती तिथे बसली. खरी सत्ता पंतप्रधानाकडे. लोकसभेसारखं हाऊस ऑफ कॉमन्स, ३४३ जागांचं. वरच्या सिनेटमध्ये १०५ जागा, पण तिथे निवडणूक नाही, पंतप्रधानाच्या सल्ल्याने नेमणूक होते आणि पंचाहत्तराव्या वर्षी निवृत्ती. एप्रिल २०२५ च्या निवडणुकीत मार्क कार्नी यांचा लिबरल पक्ष सर्वात मोठा ठरला, तरी बहुमताच्या थोडा अलीकडेच थांबला.

आपल्या घटनाकारांनी मजबूत केंद्र आणि उरलेले अधिकार केंद्राकडे ही कल्पना बरीचशी कॅनडाकडूनच घेतली. प्रत्यक्षात मात्र तिथले प्रांत आपल्या राज्यांपेक्षा जास्त ताकदवान झाले. सैन्य, चलन, फौजदारी कायदा, नागरिकत्व केंद्राकडे. शाळा, दवाखाने, मालमत्ता, व्यवसायाचे परवाने आणि नगरपालिका प्रांताकडे. इमिग्रेशन दोघांकडे, आणि क्वेबेक तर १९९१ च्या करारानुसार कामासाठी येणारे स्थलांतरित स्वतःच निवडतो, फ्रेंच येणाऱ्यांना झुकतं माप देऊन.

याचा आपल्या माणसांवर काय परिणाम होतो ते बघू. डॉक्टर, नर्स, इंजिनिअर यांचा परवाना प्रांत देतो. इथला एमबीबीएस तिथे उतरला आणि दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडला, असं होत नाही. सरकारी आरोग्य विम्यात डॉक्टर आणि हॉस्पिटल फुकट, पण दात, चष्मा आणि घरी घ्यायची औषधं बहुतेकांना त्यात मिळत नाहीत. परदेशी विद्यार्थ्याला हा विमा काही प्रांत देतात. ऑन्टारिओ देत नाही, वेगळा काढावा लागतो.

शाळांचंही तसंच. ऑन्टारिओ कॅथलिक शाळांना पूर्ण सरकारी पैसा देतो, मुस्लिम शाळांना नाही. १९९९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने याला भेदभाव म्हटलं, तरी फरक पडला नाही. अल्बर्टा आणि ब्रिटिश कोलंबिया खासगी शाळांना काही वाटा देतात.

क्वेबेकने २०१९ मध्ये कायदा केला, की सरकारी शाळेतले शिक्षक, पोलीस, सरकारी वकील यांनी धार्मिक चिन्ह वापरायचं नाही. आधीपासून नोकरीत असलेल्यांना त्याच पदावर सूट आहे, नव्यांना नाही. देशाच्या हक्कांच्या सनदेत धर्मस्वातंत्र्य आहे, मग हे चालतं कसं? कारण त्याच घटनेचं कलम ३३ प्रांताला काही हक्क पाच-पाच वर्षांसाठी बाजूला ठेवू देतं. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आहे. पण बी.एड. झालेली आपली हिजाबवाली मुलगी मॉन्ट्रियलला शिक्षिका व्हायचं म्हणत असेल, तर हे तिकीट काढण्याआधी माहीत हवं. टोरंटोत हीच अडचण नाही.

निकाहाबद्दलही विचारणा होते. विवाह नोंदणी प्रांताकडे, तलाक केंद्राच्या कायद्याने आणि कोर्टातूनच. तोंडी किंवा कागदी तलाक तिथल्या कायद्यात घटस्फोट नव्हे. दुसरी बायको हा गुन्हा आहे. ऑन्टारिओने कौटुंबिक वादांत धार्मिक लवादाचे निवाडे २००६ पासून बंद केले. वारसाहक्काला आपल्यासारखा वेगळा मुस्लिम कायदा नाही. मृत्युपत्र नसेल तर प्रांताच्या नियमाने वाटणी होते. शरीयतप्रमाणे हिस्से व्हावेत असं ज्यांना वाटतं त्यांनी मृत्युपत्र करूनच ठेवावं लागतं, तेही तिथल्या वकिलाच्या सल्ल्याने, कारण जोडीदाराचे हक्क प्रांताचा कायदा राखून ठेवतो.

राहिला विद्यार्थ्यांचा विषय. २०२४ पासून केंद्राने परवान्यांची संख्या प्रांतांना वाटून दिली. बहुतेक विद्यार्थ्यांच्या अर्जासोबत प्रांताचं संमतिपत्र लागतं. खात्यात दाखवायची रक्कम त्याच वर्षी १० हजारांवरून २०,६३५ कॅनेडियन डॉलर झाली, नंतर आणखी वाढली. आणि मे २०२४ नंतर, सरकारी कॉलेजचं नाव लावून खासगी संस्थेत चालवलेल्या कोर्सला जे नव्याने दाखल झाले त्यांना शिक्षणानंतरचा वर्क परमिट मिळत नाही. एजंटाला पैसे देण्याआधी दोन गोष्टी लेखी मागा. वर्ग नेमका कोणत्या इमारतीत, कोणत्या संस्थेचा भरतो, आणि त्या कोर्सवर वर्क परमिट मिळतो का. उत्तर "हो हो, मिळतो" एवढंच आलं, तर कॉलेजलाच थेट ईमेल करा.